पहिली गोळी कुणाच्या हाती?

(चंद्रपूर येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



स्मृतिव्याख्यानाच्या आरंभी दिवंगत व्यक्तीचे गुण गाण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या बाईंनी उमेदीची सगळी वर्षे जंगलातल्या एका उपकेंद्रात परिचारिका म्हणून काढली. सगळे त्यांना नुसते ‘सिस्टर’ म्हणत. स्वतःविषयी कुणी चार शब्द बरे बोलले की त्या विषय बदलत, म्हणून मीही त्यांच्याविषयी कमी आणि त्यांच्या कामाविषयी जास्त बोलणार आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात संसर्गजन्य आजार रोखण्यासाठी गेल्या पाऊणशे वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यांतून काय हाती लागले, हा आजचा विषय.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जंगलातला संसर्ग आटोक्यात येतो तो निदान आणि औषधाची पहिली मात्रा गावातल्याच माणसाच्या हाती गेल्यावर. मोठी इस्पितळे लागतातच, त्याविषयी वाद नाही. पण आजार आणि मृत्यू यांच्यामधली पहिली लढाई गावात होते आणि ती कुणाच्या भरवशावर लढायची हे आपण ठरवायचे असते. या जिल्ह्यांत जेव्हा जेव्हा गावावर भरवसा टाकला, तेव्हा मृत्यू घटले. जेव्हा देखरेख सैल झाली किंवा पुरवठा तुटला, तेव्हा आजार परत आला.

अंतर आणि वेळ

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १०,७२,९४२. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे. त्याच जनगणनेत महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला. गावे लहान, एकमेकांपासून लांब, आणि मध्ये नाले. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही जिवतीच्या पहाडावरचे कोलाम आदिवासींचे गुडे पावसाळ्यात असेच अलग पडतात.

सरकारी निकषाप्रमाणे आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. कागदावर हा निकष उदार दिसतो, कारण मैदानी भागासाठी हेच आकडे ५,००० आणि ३०,००० आहेत. पण ३,००० माणसे मैदानात एका गावात भेटतात. भामरागड किंवा एटापल्लीत तेवढी माणसे गाठायला कितीतरी टोले-पाडे पालथे घालावे लागतात. माणसे मोजून केंद्रे दिली आणि वाट मोजायची राहून गेली.

आजाराला मात्र वाटेशी देणेघेणे नसते. फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापात, योग्य औषध वेळेत मिळाले नाही तर, दोन-तीन दिवसांत रोग्याची शुद्ध हरपू शकते. तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला तर अवधी याहून कमी. नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला तर हिशेब तासांचा असतो. नाल्याला पूर आहे, ट्रॅक्टर येत नाही, चौघांनी खाटेवर घालून रोग्याला रस्त्यापर्यंत आणायचे आणि मग रुग्णवाहिकेची वाट पाहायची, इतक्या वेळात आजाराचे काम झालेले असते. रुग्णवाहिका हवीच, पण ती निघण्याआधी गावात काय घडते यावर रोग्याचे भवितव्य ठरते.

दारात कोण उभे आहे?

संसर्ग रोखायला घरोघर जावे लागते, हे आपल्याला १८९७ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. साथरोग कायदा नुकताच झाला होता. प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे शिपाई घरांत घुसून रोगी शोधू लागले. शोधाचा हेतू शास्त्राला धरून होता, पण दारात उभा असलेला माणूस शिपाई होता. लोकांनी रोगी लपवले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत, त्याच शहराच्या वेशीबाहेर, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हडपसरच्या माळावर दवाखाना चालवत होते. सावित्रीबाई रोग्यांना स्वतः उचलून आणत. १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने त्यांचा बळी घेतला. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याचा कायदा आला. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.

विदर्भाने कुष्ठरोगाच्या बाबतीत निराळा रस्ता धरला. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केले. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला, आनंदवन उभे राहिले. आनंदवनाची कहाणी महाराष्ट्राला पाठ आहे, त्यामुळे ती मी पुन्हा सांगत नाही. त्याच सुमारास सेवाग्राम परिसरात सुरू झालेले दुसरे एक काम मात्र लोकांच्या फारसे लक्षात नाही. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे डॉ. आर. व्ही. वारडेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तीन पायऱ्यांची पद्धत बसवली. प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता सायकलवरून गावोगाव जाई, घरातल्या प्रत्येक माणसाची कातडी तपासे, बधिर चट्टा सापडला की तिथल्या तिथे समजावून सांगे आणि डॅप्सोनच्या गोळ्या नियमित पोचवी. रोग्याला वसाहतीत आणण्यापेक्षा औषध रोग्याच्या घरी नेणे, हा विचार पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाचा पाया झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यातल्या रिफॅम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने बहुतेक जंतू मरतात आणि रोग्यापासून दुसऱ्याला होणारा प्रसार थांबतो. म्हणजे इथेही सारा खेळ पहिली गोळी किती लवकर पोटात जाते यावर. कुष्ठरोग कातडीवर दिसू लागायला सरासरी पाच वर्षे, कधी वीसही लागतात. इतका संथ आजार शोधायला दवाखान्यात बसून भागत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला. त्यानंतर घरोघरचे सर्वेक्षण मंदावले आणि पूर्व विदर्भात नवे रुग्ण सापडतच राहिले. हा धागा मी पुढे हिवतापाच्या वेळी पुन्हा हाती घेईन.

मणी आणि वाळूचे घड्याळ

आता बाळांकडे येऊ. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. तेंदूपत्त्याच्या एका गोदामात त्यांच्या ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू झाले. गावोगावच्या मृत्यूंची नोंद घेताना दिसले की पाच वर्षांखालची मुले सर्वांत जास्त जातात ती न्यूमोनियाने. औषध स्वस्त होते. पण प्रश्न होता तो निदानाचा. खेड्यात स्टेथोस्कोप कोण लावणार?

उत्तर शास्त्रात तयार होते. न्यूमोनियात बाळाचा श्वास वाढतो. दोन महिन्यांहून लहान बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक आणि त्याहून मोठे तान्हे मूल पन्नास किंवा अधिक श्वास घेत असेल तर न्यूमोनिया समजून औषध द्यावे. पण गावची दाई शाळेत गेलेली नाही, ती साठपर्यंत मोजणार कशी? दहापर्यंत मात्र तिला मोजता येते. मग तिच्यासाठी एक साधन तयार झाले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीच्या शेवटचा लाल मणी सरकवायची पाळी आली, तर हा न्यूमोनिया. निरक्षर बाईने केलेले हे निदान डॉक्टरच्या निदानाशी ताडून पाहिले गेले, तेव्हाच ते साधन कामाला लागले.

१९८८ मध्ये ५८ गावांत प्रशिक्षित कार्यकर्ते आणि दाया यांच्या हाती को-ट्रायमोक्झॅझोल दिले गेले. तुलनेसाठी ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. निकाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी, ०.८ टक्के. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के. औषध तेच होते जे जिल्हा रुग्णालयात मिळत होते. फरक पडला तो हात बदलल्याने.

मग नवजात बाळे. त्या काळी बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि पहिले काही आठवडे बाळ घराबाहेर काढायचे नाही, असा रिवाज होता. आजारी बाळाला दवाखान्यात न्या म्हटले तरी घरचे नेत नसत. १९९५ पासून ३९ गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच बायका बाळाच्या घरी जाऊ लागल्या. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, अंगावर पाजायला मदत करणे, संसर्गाची लक्षणे ओळखणे ही त्यांची कामे. आधी दवाखान्याचा सल्ला द्यायचा, आणि घरचे नाहीच म्हणाले तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे, हेही त्यांच्याकडे आले. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई देणे ही त्या काळी वैद्यक व्यवसायाला न मानवणारी गोष्ट होती. पण १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले आकडे पाहा. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली होता. २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज देशभर आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, बाळाच्या घरी सहा-सात वेळा जातात, त्या भेटींचा उगम गडचिरोलीच्या या गावांत आहे.

याच्याही आधी डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, त्यात जननमार्गाच्या संसर्गाचा भाग मोठा. पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या आठ टक्के. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध होईपर्यंत सरकारी नोंदींत या आजारांचा जवळपास पत्ताच नव्हता. बायका पुरुष डॉक्टरला सांगत नव्हत्या आणि कुणी बाई विचारायला जात नव्हती. गावातल्या दाईला हे सगळे ठाऊक होते, पण तिला कुणी विचारले नव्हते.

ताप उतरला म्हणून निघून जाऊ नये

आता हिवताप. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डीडीटीच्या फवारणीने १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. विजय झाला असे वाटले. पुढे फवारणीत खंड पडला, डास डीडीटीला दाद देईनात, परजीवी क्लोरोक्विनला दाद देईना, आणि ज्या आरोग्ययंत्रणेने देखरेख चालू ठेवायची ती खेड्यांत पुरेशी उभीच राहिली नव्हती. १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले.

आपल्या जंगलात हा आजार हटवणे अधिक अवघड का, ते नीट समजून घेतले पाहिजे. इथे दोन डास मुख्य. अॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस धानाच्या बांध्या, बोड्या, साचलेले पाणी यांत वाढतो. अॅनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिस जंगलातल्या संथ वाहत्या झऱ्यांत. त्यामुळे गावातली गटारे साफ करून फारसे साधत नाही. भिंतीवर फवारणी केली आणि सणाआधी घर सारवले की औषध शेणमातीखाली जाते. उन्हाळ्यात लोक अंगणात झोपतात. धान पिकले की राखणीला शेतातल्या मांडवावर. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे जंगलात मुक्काम करतात. माडिया आदिवासींच्या गावांत पाळी आलेली स्त्री गावाबाहेरच्या कुरमाघरात राहते. घरातल्या मच्छरदाणीचा तिला त्या रात्री काय उपयोग? मच्छरदाणी वाटप शंभर टक्के झाल्याचा अहवाल आणि त्या रात्री मच्छरदाणीखाली झोपलेली माणसे, यांत अंतर राहते ते अशा ठिकाणी. कुरमाघरात एक मच्छरदाणी कायमची बांधून ठेवावी, हे राजधानीत बसून सुचत नाही. गावातल्या बाईला ते लगेच सुचते.

निदानाचीही तीच गत. जुन्या पद्धतीत आरोग्य कर्मचारी पंधरवड्याने गावात येई, तापाच्या माणसाचे बोट टोचून रक्त काचपट्टीवर घेई, क्लोरोक्विनच्या चार गोळ्या देई. काचपट्टी प्रयोगशाळेत जाई. अहवाल यायला दिवस, कधी आठवडे लागत. तोवर रोगी बरा झालेला असे किंवा गेलेला असे. बोटाच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी तपासणी पट्टी आली, पुढे एकाच पट्टीवर फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स या दोन्ही जातींचे परजीवी ओळखता येऊ लागले, आणि आर्टेमिसिनिनवर आधारित औषधांची वयानुसार वेगवेगळ्या रंगांची पाकिटे आली. यामुळे तो सगळा खोळंबा संपवणे शक्य झाले. आशाताईच्या पेटीत ही पट्टी आणि हे पाकीट असेल तर ताप आलेल्या माणसाला त्याच दुपारी औषध मिळते. पेटी रिकामी असेल तर आशाताई केवळ निरोप पोचवणारी उरते.

औषध लवकर देणे हा प्रतिबंधही आहे. डास आजार आणत नाही, तो एका माणसाच्या रक्तातून उचलून दुसऱ्याला देतो. पहिल्या माणसाचे रक्त लवकर स्वच्छ झाले तर डासाला उचलायला काही उरत नाही. म्हणून व्हायवॅक्सच्या रोग्याने ताप उतरल्यावरही प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घेणे महत्त्वाचे असते. त्या घेतल्या नाहीत तर यकृतात दडलेला परजीवी पुन्हा डोके वर काढतो. रोवणीच्या दिवसांत, अंगात ताप नसताना, चौदाव्या दिवसापर्यंत गोळी कोण घेणार? रोज संध्याकाळी दारावरून जाणारी, नावाने हाक मारणारी शेजारीण असेल तरच.

इंद्रावतीपलीकडे, छत्तीसगडच्या बस्तरमध्ये, जानेवारी २०२० पासून वेगळा प्रयत्न झाला. ताप असो-नसो, गावातल्या प्रत्येकाचे रक्त तपासले. पहिल्या फेरीत ज्यांच्या रक्तात परजीवी सापडला, त्यांतल्या अर्ध्याहून अधिक लोकांना तापच नव्हता. ओडिशानेही दुर्गम भागांत असाच मार्ग धरला. ताप नसलेला पण परजीवी बाळगणारा माणूस दवाखान्यात कधीच येणार नाही. त्याच्यापर्यंत आपणच जायचे आहे. नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये आहेत, डासाला त्याची खबर नाही. आपल्या काठावरची तपासणी आणि पलीकडची तपासणी एकाच आठवड्यात झाली पाहिजे.

हत्तीरोगाबाबतही हेच. हा आजार आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहे. त्याच्या सूक्ष्म अळ्या रात्री रक्तात येतात, म्हणून रक्तनमुने रात्री दहानंतर घ्यावे लागतात. लोक झोपेच्या तयारीत असताना अनोळखी माणूस दार वाजवतो आणि बोट टोचू द्या म्हणतो. ओळखीचा कुणी बरोबर नसेल तर दार उघडणार नाही. दरवर्षीच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेत गोळ्या वाटल्या जातात. अंगावर काही दिसत नसलेला माणूस गोळी घेतो आणि वळचणीला ठेवतो. म्हणून गोळी समोर गिळवण्याचा नियम आहे. समोर गिळ असे हक्काने म्हणायला नाते लागते.

विश्वासाची बांधणी

हे नाते बांधण्याचे मार्ग इथल्याच लोकांनी दाखवले आहेत. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड तालुक्यात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे झाडाखाली बसून माडियांना तपासू लागले तेव्हा सुरुवातीला कुणी फिरकत नव्हते. ते दोघे तिथेच राहिले, माडिया बोली शिकले, एकेक रोगी बरा होत गेला आणि मग लोक दूरदूरच्या गावांतून चालत येऊ लागले.

धानोरा तालुक्यात चातगावजवळ शोधग्राम उभारताना ‘सर्च’ने लोकांनाच विचारले की दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, रोग्याबरोबर आलेल्यांना राहायला जागा हवी, असे लोकांनी सांगितले. मग खेड्यासारख्या झोपड्यांचा दवाखाना झाला आणि त्याला नाव मिळाले आदिवासींच्या देवीचे, माँ दंतेश्वरी. संशोधनाचे विषयही पुढे लोकांना विचारून ठरू लागले. सिकलसेलचा आजार या भागात आहे हे बंग दांपत्याने सुरुवातीलाच दाखवून दिले होते. पण लोकांच्या लेखी तो निकडीचा प्रश्न नव्हता. ताप आणि बाळांचे मरण या त्यांच्या निकडी होत्या.

गावचा पुजारीही या कामात हवा. ताप आला की कुटुंब पहिल्यांदा त्याच्याकडे जाते, हे आजही खरे आहे. त्याच्यावर हसून काही होणार नाही. मंत्र म्हण, पण ताप असेल तर त्याच दिवशी आशाताईकडे रक्त तपासायला पाठव, एवढे त्याने मान्य केले तरी दोन दिवस वाचतात, आणि फॅल्सिपेरमच्या बाबतीत दोन दिवस म्हणजे सगळे काही.

तीन आक्षेप

या मार्गावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती औषध देणे धोक्याचे, हा पहिला. याला गडचिरोलीच्या आकड्यांनीच उत्तर दिले आहे. अट एवढीच की प्रशिक्षण पक्के, काम मर्यादित आणि देखरेख नियमित हवी. या तीनपैकी एक निसटले तर आक्षेप खरा ठरतो.

प्रतिजैविकांचा वापर वाढेल आणि जंतू दाद देईनासे होतील, हा दुसरा आक्षेप. ही काळजी खरी आहे. पण गावात तपासणीचे साधनच नसते तिथे औषधे अंदाजाने आणि सढळ हाताने दिली जातात. आठवडी बाजारातला बिनडिग्रीचा ‘डॉक्टर’ प्रत्येक तापाला सलाइन आणि इंजेक्शन देतो. मणी सरकवून किंवा पट्टी पाहून मगच औषध देणारी आशाताई औषधाचा वापर कमी करते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गरिबांसाठी आशा आणि शहरांसाठी डॉक्टर, अशी दोन दर्जांची व्यवस्था आपण पक्की करतो आहोत का? गावातल्या बाईच्या मागे सज्ज आरोग्य केंद्र नसेल, तिथे डॉक्टर आणि रक्त नसेल, तर याचे उत्तर ‘होय’ आहे. तिने ओळखलेला गंभीर रोगी पुढे कुणी घेतलाच नाही तर गावात तोंड दाखवायची पाळी तिच्यावर येते. आदिवासी आरोग्यासाठी केंद्राने नेमलेल्या डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये मांडले की देशाच्या लोकसंख्येत सुमारे आठ-नऊ टक्के असलेल्या आदिवासींच्या वाट्याला हिवतापाचे सुमारे निम्मे मृत्यू येतात. या विषमतेचे उत्तर एकट्या आशाताईवर सोडून सरकारला मोकळे होता येणार नाही.

हिशेब कुणाचा चुकतो?

आता ज्या बायांच्या बळावर हे सगळे उभे आहे त्यांच्याविषयी. आशा योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. कागदोपत्री ती स्वयंसेविका. तिला पगार नाही, मोबदला आहे, आणि त्यातला मोठा भाग कामाच्या नगावर ठरतो. रक्तनमुना घेतला की काही रुपये, रोग्याचे औषध पूर्ण केले की आणखी काही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्याच्या आधी २०२१ मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला.

नगावर मोबदला देण्यातली विसंगती पाहा. तिने चोख काम केले आणि गावातला हिवताप कमी झाला, तर औषध पूर्ण करून द्यायला रोगीच उरत नाहीत आणि तिची मिळकत घटते. आजार हटवण्याबद्दल आपण तिला दंड करतो आहोत. नेमक्या याच टप्प्यावर, रुग्ण कमी झाल्यावर, देखरेख सर्वांत महत्त्वाची असते. १९६५ नंतर हिवतापात आणि २००५ नंतर कुष्ठरोगात आपण तिथेच फसलो. देशाने २०२७ पर्यंत हत्तीरोग आणि २०३० पर्यंत हिवताप संपवण्याचे लक्ष्य ठेवले आहे. संपत आलेला आजार शोधायचा तर शंभर तापांमागे एखादाच हिवतापाचा सापडेल, आणि तरी प्रत्येक ताप तपासावा लागेल. ते कंटाळवाणे काम करणाऱ्या बाईला जागे राहण्याचा मोबदला मिळाला पाहिजे, रोगी सापडण्याचा नव्हे.

म्हणून या व्यासपीठावरून चार गोष्टी मागतो. दुर्गम तालुक्यांत पावसाळ्याआधी, मे महिना संपण्यापूर्वी, प्रत्येक आशाताईच्या पेटीत चार महिने पुरतील इतक्या तपासणी पट्ट्या आणि औषधे पोचवा, आणि कुणाच्या पेटीत काय होते याची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. आशाताईला दरमहा ठरावीक मानधन द्या आणि ते तारखेला द्या. रुग्ण घटले म्हणून कोणत्याही गावातले कर्मचारी निदान पाच वर्षे तरी हलवू नका. आणि इंद्रावती-प्राणहितेच्या दोन्ही काठांवर, छत्तीसगड आणि तेलंगणाच्या यंत्रणांबरोबर, तपासणीच्या फेऱ्या एकाच वेळी घ्या.

सभागृहात वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी बसले आहेत. त्यांना एकच सांगतो. तुम्ही आरोग्य केंद्रात रुजू व्हाल तेव्हा पहिल्या आठवड्यात तुमच्या हद्दीतल्या प्रत्येक आशाताईच्या घरी जा, तिची पेटी उघडून पाहा आणि जे संपले आहे ते स्वतः आणून द्या. ज्या सिस्टरांच्या नावाने आपण जमलो, त्यांनी आयुष्यभर हेच काम केले. ते काम सरकारी आदेश निघायच्या आधीही करता येते.